अखेरच्या आजारपणात उपचार कुठवर न्यावेत: कॅथलिक शिकवणीनुसार निर्णय घेण्याची रीत

अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेल्या कुटुंबाला डॉक्टर जेव्हा ‘पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवून सांगा’ असे म्हणतात, तेव्हा कॅथलिक घरात दोन भीती एकाच वेळी जाग्या होतात. व्हेंटिलेटर नको म्हटले तर आपल्या हातून जीव घेतल्याचे पाप होईल का, ही एक. आणि जमेल ते सगळे करत राहिलो तर आईचे किंवा वडिलांचे उगाच हाल होतील, ही दुसरी. शक्य असलेला प्रत्येक उपचार शेवटच्या श्वासापर्यंत केलाच पाहिजे अशी ख्रिस्तसभेची आज्ञा आहे, असे पुष्कळांना मनापासून वाटते आणि म्हणून बहुधा पहिली भीतीच वरचढ ठरते. ख्रिस्तसभेने असे कधीच शिकवलेले नाही. मृत्यू घडवून आणणे तिने सदैव निषिद्ध मानले आहे. पण कोणत्याही किमतीला मृत्यू लांबवत राहणे हे कर्तव्य असल्याचे तिने म्हटलेले नाही, आणि या दोन टोकांच्या मधून विवेकाने चालण्याची एक रीत तिच्या नीतिशास्त्राने सुमारे पाचशे वर्षांत घडवली आहे. प्रत्यक्ष निर्णयाची वेळ येते तेव्हा ती रीत कशी वापरावी, हे येथे सांगायचे आहे.

मोजमाप उपचाराचे, आयुष्याचे नव्हे

सर्वप्रथम प्रश्न नीट मांडावा. ‘आता अशा जगण्यात काय अर्थ उरला आहे?’ हा प्रश्न घरात कोणीतरी हमखास विचारतो, बहुतेक वेळा प्रेमापोटीच विचारतो. तरीही कॅथलिक विचारात तो प्रश्नच बाद आहे. अंथरुणाला खिळलेल्या, कोणाला न ओळखणाऱ्या, स्मृती हरवलेल्या माणसाच्या आयुष्याचे मोल निरोगी माणसाच्या आयुष्याइतकेच आहे, आणि त्या मोलाचे माप काढण्याचा अधिकार मुलांना नाही, डॉक्टरांना नाही, स्वतः रुग्णालाही नाही. माप काढायचे ते उपचाराचे. हा विशिष्ट उपचार या विशिष्ट रुग्णाला किती उपयोगी पडेल आणि त्यापायी त्याच्यावर व त्याच्या माणसांवर किती ओझे येईल, एवढेच तराजूत ठेवायचे. माझ्या मते या साऱ्या शिकवणीचा कणा हाच आहे, आणि गोंधळात सापडलेल्या कुटुंबाने बाकी काही लक्षात ठेवले नाही तरी एवढे ठेवावे.

ही विभागणी आधुनिक यंत्रांमुळे सुचलेली नाही. स्पेनमधील सालामांका विद्यापीठात शिकवणारे डॉमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हा प्रश्न हाताळला होता. ज्या रुग्णाला अन्नाचा घासही यातनामय झाला आहे, त्याने खाल्ले नाही तर त्याला आत्महत्येचे पाप लागते का? व्हितोरियांचे उत्तर असे की जगण्याची आशा असेल आणि खाणे सोसत असेल तर खाल्ले पाहिजे. पण खाणे हीच जर यातना झाली असेल तर ते न खाण्यात पाप नाही. पुढे जाऊन त्यांनी असेही म्हटले की कोंबडी आणि तितर यांचे मांस खाल्ल्याने आयुष्य वाढेल असे वैद्याने सांगितले, तरी साधे, चारचौघांचे अन्न खाणारा माणूस दोषी ठरत नाही. त्यांचेच सहकारी दोमिंगो दे सोतो यांनी शस्त्रक्रियेचा प्रश्न घेतला. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती आणि अवयव कापणे म्हणजे शुद्धीवर असलेल्या माणसाला करवतीखाली धरणे होते. तेव्हा मठाधिपतीसुद्धा आपल्या अधिकाराखालील संन्याशाला असे कापून घेण्याची आज्ञा करू शकत नाही, कारण इतक्या यातना सोसून जीव राखण्याचे बंधन कोणावरही नाही, असा निर्वाळा सोतोंनी दिला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दोमिंगो बान्येझ यांनी या विचाराला ‘सामान्य साधने’ आणि ‘असामान्य साधने’ ही नावे दिली, आणि सतराव्या शतकात येशूसंघीय कार्डिनल हुआन दे लुगो यांनी त्यात उपयुक्ततेचा मुद्दा ठामपणे आणला. ज्वाळांनी वेढलेल्या माणसाकडे आगीचा काही भागच विझेल एवढे पाणी असेल, तर मरण थोडा वेळ पुढे ढकलण्यासाठी ते ओतण्याचे बंधन त्याच्यावर नाही, हे उदाहरण त्यांचेच.

म्हणजे दोन कसोट्या फार जुन्या आहेत: उपचारातून खऱ्या लाभाची वाजवी आशा आहे का, आणि त्याचे ओझे झेपण्याजोगे आहे का. यातना, भीती, तीव्र तिटकारा, खर्च, आपले घर व गाव सोडावे लागणे या सगळ्यांना त्या धर्मपंडितांनी ओझ्यात धरले होते. यंत्रयुगात याच कसोट्या पुन्हा लावून दाखवण्याचे काम पोप पायस बारावे यांनी केले. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की माणसावर सामान्यतः सामान्य साधने वापरण्याचेच बंधन असते, आणि सामान्य म्हणजे व्यक्ती, स्थळ, काळ व संस्कृती पाहता स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझे न टाकणारी. याहून कडक बंधन बहुतेकांना पेलणार नाही आणि जीवनापेक्षाही वरचे जे आत्मिक श्रेय आहे ते गाठणे त्यामुळे अवघड होईल, असे कारणही त्यांनी दिले. विश्वासविषयक शिकवणीचे काम पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या विभागाने ५ मे १९८० रोजी काढलेल्या घोषणापत्रात हाच विचार ‘प्रमाणशीर’ आणि ‘अप्रमाण’ उपचार अशा शब्दांत मांडला, आणि १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८व्या परिच्छेदात तो थोडक्यात आला: जो उपचार फार जाचक, धोकादायक, असामान्य किंवा अपेक्षित फळाच्या मानाने अप्रमाण आहे तो थांबवणे न्याय्य असू शकते, कारण तेथे मृत्यू घडवण्याची इच्छा नसते, तो रोखणे आपल्या हाती नाही याचा स्वीकार असतो.

डॉक्टरांना काय विचारावे

कोणते उपचार सामान्य आणि कोणते असामान्य याची तयार यादी कोणाकडेही नाही, आणि फादरांकडे ती मागू नये. व्हेंटिलेटर हा काही जन्मजात असामान्य उपचार नव्हे. सर्पदंशाने श्वास थांबत आलेल्या तरुण शेतकऱ्याला किंवा न्यूमोनिया झालेल्या धडधाकट बाईला तो काही दिवस लावून माणूस पुन्हा उभा राहणार असेल, तर तो नाकारणे कर्तव्यात कसूर ठरेल. तेच यंत्र, सर्वत्र पसरलेल्या कर्करोगाने थकून गेलेल्या रुग्णाला लावले आणि त्याने फक्त मरणाची प्रक्रिया लांबली, तर ते असामान्य ठरते. डायलिसिसचेही असेच आहे: एखाद्याला त्यामुळे वर्षानुवर्षे कामावर जाता येते, तर सगळे अवयव निकामी होत चाललेल्या दुसऱ्या रुग्णाला प्रत्येक खेपेला नुसता रक्तदाब कोसळण्याचा त्रास होतो.

म्हणून डॉक्टरांना ‘काही आशा आहे का?’ असे मोघम विचारू नये; आशा नाही असे तोंडावर सांगणारा डॉक्टर विरळाच. त्याऐवजी असे विचारावे की मूळ आजार बरा होण्यासारखा आहे का, की हा उपचार केवळ एका अवयवाला आधार देणार आहे. या उपचाराने नेमके काय साधेल अशी तुमची अपेक्षा आहे आणि किती दिवसांत ते दिसायला हवे. तो चालू असताना रुग्णाला काय सोसावे लागेल, हात बांधावे लागतील का, बोलता येईल का. आणि यश आले तर रुग्ण घरी कोणत्या अवस्थेत येईल. हेही विचारावे की हा उपचार केला नाही तर काय होईल आणि त्या काळात वेदना व धाप यांवर काय इलाज करता येईल. उत्तरे लिहून घ्यावीत, कारण थकलेल्या मनाला अर्धे ऐकू येत नाही, आणि परगावाहून किंवा आखातातून फोन करणाऱ्या भावाला ती नेमकी सांगावी लागतात. दूर असलेल्या मुलांचा ‘काहीही करा, पण थांबू नका’ हा आग्रह पुष्कळदा जवळ नसल्याच्या खंतीतून येतो. डॉक्टरांशी त्यांचे थेट बोलणे करून दिले तर अर्धा वाद तेथेच मिटतो.

उत्तर खरोखरच अनिश्चित असेल तर मुदतीची चाचणी मागावी: तीन दिवस किंवा पाच दिवस उपचार करून पाहू, अमुक सुधारणा दिसली तर पुढे नेऊ, नाही तर थांबवू. नीतिदृष्ट्या ही वाट निर्दोष आहे, कारण सुरू केलेला उपचार मागे घेणे आणि मुळात सुरूच न करणे यांत कॅथलिक विचार पापपुण्याचा फरक मानत नाही. ‘एकदा लावलेले यंत्र काढणे म्हणजे मारणे’ ही धारणा फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे कुटुंबे सुरुवात करायलाच घाबरतात. पायस बारावे यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. श्वसनयंत्राचा प्रयत्न असामान्य ठरत असेल आणि कुटुंबाला तो झेपत नसेल, तर तो थांबवण्याचा आग्रह कुटुंब न्याय्यपणे धरू शकते आणि डॉक्टर तो न्याय्यपणे मान्य करू शकतात, त्यानंतर रक्ताभिसरण थांबले तरीही ते जिवाची थेट विल्हेवाट लावणे नव्हे, असे त्यांचे उत्तर होते.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे अखेरचे आठवडे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. फेब्रुवारी २००५ मध्ये श्वासनलिकेला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी स्वीकारली, मार्चच्या अखेरीस नाकातून अन्ननळीही घालून घेतली; पण जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावर त्यांना पुन्हा रुग्णालयात नेण्यात आले नाही आणि २ एप्रिल रोजी व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच त्यांचे निधन झाले. जे उपयोगी पडण्याजोगे होते ते त्यांनी घेतले, आणि ज्याने मरण फक्त जागा बदलणार होते त्यामागे कोणी धावले नाही.

पैशाचा विचार करणे पाप आहे का

या विषयावर फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे विस्ताराने. आपल्याकडे बहुतेक कुटुंबे रुग्णालयाचे बिल स्वतःच्या खिशातून भरतात. वसईतील वाडी विकून, सोने गहाण ठेवून, मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून आजोबांना अतिदक्षता विभागात आणखी काही दिवस ठेवणे हेच खरे प्रेम, आणि खर्चाचा उच्चार करणारा तो कृतघ्न, अशी समजूत आढळते. ख्रिस्तसभेची शिकवण इतकी निर्दय नाही. १९८०च्या घोषणापत्रात उपचार नाकारण्याच्या न्याय्य कारणांमध्ये कुटुंबावर किंवा समाजावर अवाजवी खर्च न लादण्याची इच्छा स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. ज्या उपचाराने घर कायमचे कर्जात बुडेल तो त्या घरासाठी असामान्य आहे, शेजारच्या श्रीमंत घरासाठी तो तसा नसला तरी. एखाद्या आजोबांनी स्वतःच ‘माझ्यासाठी जमीन विकू नका’ म्हटले, तर त्यांचे ते म्हणणे औदार्याचे आहे आणि मुलांनी ते ऐकावे.

मात्र याला दोन मर्यादा आहेत. परवडणारा, उपयोगी, साधा उपचार केवळ म्हातारपणाचे कारण देऊन टाळणे, किंवा वाटणीच्या घाईत असलेल्यांनी खर्चाचे निमित्त पुढे करणे, हा अन्याय आहे आणि तो पापनिवेदनाचा विषय आहे. दुसरे असे की पैसे संपले म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला रातोरात घरी आणणे, आणि घरी वेदनाशामकाची, ऑक्सिजनची, शुश्रूषेची काहीच सोय नसणे, याला विवेकी निर्णय म्हणता येत नाही. घरी आणायचे तर आधी उपशामक उपचारांची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, व्यवस्था करावी आणि मगच आणावे.

हेतू तपासण्याची एक कसोटी

उपचार थांबवणे न्याय्य आणि दयामरण निषिद्ध, तर मग दोहोंतला फरक मनात कसा ओळखायचा? १९८०च्या घोषणापत्राची व्याख्या येथे उपयोगी पडते: सर्व दुःख संपावे म्हणून जी कृती किंवा जी उपेक्षा स्वतःच्या स्वरूपाने अथवा हेतूने मृत्यू घडवते ती दयामरण होय. उपेक्षेचाही उल्लेख आहे, याकडे लक्ष द्यावे. म्हणजे ‘आम्ही काहीच केले नाही’ हा नेहमीच बचाव ठरत नाही. प्रत्यक्षात स्वतःला असे विचारावे: हा उपचार थांबवल्यावर रुग्ण मरण पावला नाही, उलट स्वतःहून श्वास घेत आणखी महिनाभर जगला, तर आपला बेत फसला असे आपल्याला वाटेल का? तसे वाटणार असेल तर आपल्याला ओझे उतरवायचे नव्हते, माणूस जावा अशी इच्छा होती. आणि तसे वाटणार नसेल, आपण तो महिना देणगी म्हणून स्वीकारून सेवा करत राहणार असू, तर हेतू शुद्ध आहे असे समजावे.

मेंदूमृत्यूची अवस्था वेगळी धरावी. संपूर्ण मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे डॉक्टरांच्या मंडळाने १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार प्रमाणित केले असेल, तर तेथे जिवंत माणसाचा उपचार थांबवण्याचा प्रश्नच उरत नाही. हा निकष नेमकेपणे लावलेला असल्यास तो ख्रिस्ती मानवविचाराशी विसंगत दिसत नाही, असे जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत म्हटले आहे, आणि अवयवदानाचा निर्णय कुटुंब तेव्हा निश्चिंत मनाने घेऊ शकते.

अन्न आणि पाणी

सर्वांत अवघड वाद नळीतून दिल्या जाणाऱ्या अन्नपाण्याचा आहे. दीर्घकाळ बेशुद्ध राहिलेल्या, पण मरणाच्या दारात नसलेल्या रुग्णांबाबत जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी सांगितले की कृत्रिम मार्गाने दिलेले अन्नपाणीही तत्त्वतः सामान्य आणि प्रमाणशीर साधन आहे. अमेरिकेतील बिशपांनी विचारलेल्या प्रश्नांना १ ऑगस्ट २००७ रोजी दिलेल्या उत्तरात व्हॅटिकनने तेच पुन्हा स्पष्ट केले. रुग्ण शुद्धीवर येणार नाही एवढ्याच कारणाने त्याचे अन्न तोडायचे नाही, कारण त्यामुळे आजार नव्हे तर भूक आणि तहान त्याला मारते. ‘तत्त्वतः’ हा शब्द मात्र विचारपूर्वक वापरलेला आहे. शरीर अन्न पचवूच शकत नसेल, पोटात साचून उलटी फुफ्फुसात जात असेल, नळीमुळेच मोठा त्रास होत असेल, किंवा मृत्यू अगदी जवळ आला असून शरीर पाणीही सामावून घेत नसेल, तर ते देण्याचा उद्देशच साधत नाही आणि बंधन उरत नाही. अशा वेळी ओठ ओले करणे, तोंड स्वच्छ ठेवणे, चमच्याने घोटभर पाणी देणे एवढेच अन्नपाणी योग्य असते, आणि सलाईनची बाटली लटकत नाही म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांशी भांडू नये.

मुंबईकरांना या प्रश्नाची सर्वांत मोठी आठवण केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची आहे. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या तेथेच होत्या. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, आणि त्या याचिकेला त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या परिचारिकांचा ठाम विरोध होता. तो खटला कॅथलिक तत्त्वांवर लढला गेला नाही. तरीही त्या परिचारिकांनी जे केले ते जॉन पॉल दुसरे यांच्या २००४च्या शब्दांचे मी पाहिलेले सर्वांत स्पष्ट आचरण आहे.

वेदनाशमन

दुःख ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडता येते ही श्रद्धा खरी आहे, पण तिचा आधार घेऊन दुसऱ्याचे मॉर्फीन रोखण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजीच सांगून टाकले होते की दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची इतर धार्मिक व नैतिक कर्तव्ये अडत नसतील, तर वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने शुद्ध हरपली किंवा आयुष्य थोडे कमी झाले तरी ते औषध देता येते. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७९व्या परिच्छेदातही हेच आहे. कोणी स्वेच्छेने कमी औषध घेऊन वेदना अर्पण करू इच्छित असेल तर त्याचा आदर करावा, पण तो सर्वांसाठी नियम नाही, असे १९८०चे घोषणापत्र सांगते. सराईत डॉक्टराने मोजून वाढवलेल्या मॉर्फीनने प्रत्यक्षात आयुष्य क्वचितच घटते. उलट वेदना आणि धाप कमी झाल्यावर माणूस बोलतो, झोपतो, प्रार्थना करतो. गाढ गुंगीत नेणारे औषध सुरू करण्यापूर्वी मात्र रुग्णाला निरोप घ्यायचा आहे का, मृत्युपत्राचे किंवा समेटाचे काही राहिले आहे का, पापनिवेदन करायचे आहे का, हे विचारून घ्यावे.

अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मॉर्फीनचा साठा ठेवणे मान्यताप्राप्त रुग्णालयांना पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, त्यामुळे ‘मिळत नाही’ या उत्तरावर थांबू नये. देशातील पहिले हॉस्पिस (अखेरच्या आजारातील रुग्णांचे शुश्रूषागृह) म्हणून ओळखले जाणारे शांती अवेदना सदन १९८६ मध्ये वांद्र्यात डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केले, आणि कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा तेथे धर्मभगिनी जातधर्म न पाहता करतात. टाटा मेमोरियल रुग्णालयातही उपशामक उपचारांचा विभाग आहे. या सेवेसाठी ‘आता सगळे संपले’ असे कोणी सांगेपर्यंत थांबू नये. ती मूळ उपचारांबरोबरच सुरू करता येते.

निर्णय कोणाचा, आणि फादरांना केव्हा बोलवावे

रुग्ण शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचाच. पायस बारावे यांनी म्हटले आहे की रुग्णाच्या स्पष्ट किंवा गर्भित परवानगीशिवाय डॉक्टरांना स्वतंत्र हक्क नसतो. कुटुंबाचे हक्कही सामान्यतः रुग्णाच्या गृहीत धरता येणाऱ्या इच्छेवरच उभे असतात. म्हणून ‘बाबांना सांगू नका, धीर सोडतील’ ही आपल्याकडची रीत मला घातक वाटते. त्यामुळे माणसाला आपल्या मरणाची तयारी करण्याची संधीच नाकारली जाते. एकदम सगळे सांगण्याची गरज नसते. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती समजले आहे, आणखी काय समजून घ्यायचे आहे?’ असे विचारून त्यांच्या गतीने जावे. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर ‘आपल्याला काय हवे’ हे बाजूला ठेवून ‘त्यांनी काय ठरवले असते’ याचे उत्तर शोधावे.

फादरांना बोलावण्याबाबतही हीच चूक होते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले की रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, हा केवळ मरणाच्या उंबरठ्यावरील संस्कार नाही. आजारपण किंवा वार्धक्य यांमुळे धोका सुरू झाला की तो घेण्याची वेळ आलेली असते. आजार बळावला तर तो पुन्हा घेता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, व्हेंटिलेटर लावण्यापूर्वी, रुग्ण बोलू शकतो तोवर बोलावले तर पापनिवेदन, रुग्णाभ्यंग आणि अखेरच्या वाटेवरची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही घेता येतात. उशीर केला की बहुधा फक्त तेल लावणे उरते. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, त्यामुळे दाखल होतानाच धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे आणि रुग्णालयात अतिदक्षता विभागात धर्मगुरूंना प्रवेश देण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी. रुग्णाचा मृत्यू झाला की नाही याची शंका असेल तरीही बोलवावे, कारण अशा शंकेत संस्कार द्यावा असे धर्मसभेच्या कायद्याचे १००५वे कलम सांगते.

धडधाकट असताना लिहून ठेवणे

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे पुढे बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत किंवा नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. वृत्तपत्रे याला निष्क्रिय इच्छामरण म्हणतात आणि त्या नावामुळे कॅथलिक लोक बिचकतात. परंतु असामान्य उपचार नाकारण्यापुरते ते लिहिलेले असेल तर त्यात ख्रिस्तसभेला अमान्य असे काही नाही. प्रौढ आणि सुजाण व्यक्तीने स्वेच्छेने लिहिलेल्या या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते आणि तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावा लागतो. तो अमलात आणण्यापूर्वी रुग्णालयाचे प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे मत देतात. कागद नसला तरी हीच मंडळे कुटुंबाच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात, पण मग सारा भार मुलांच्या आठवणींवर येतो.

मजकुरात यंत्रांची नावे घालून ‘व्हेंटिलेटर कधीही नको’ असे लिहू नये, कारण अपघातानंतर दोन दिवसांसाठी तोच आपला जीव वाचवू शकतो. त्याऐवजी असे लिहावे की बरे होण्याची वाजवी आशा उरली नसताना मरण केवळ लांबवणारे किंवा भारी ओझे होणारे उपचार मला नकोत. अन्नपाणी शरीराला उपयोगी पडते तोवर द्यावे. वेदना पुरेशा औषधाने शमवाव्यात. माझा मृत्यू घडवण्याच्या हेतूने काहीही करू नये किंवा टाळू नये. आणि धर्मगुरूंना वेळेवर बोलवावे. निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून ज्याचे नाव घालायचे तो आपल्यावर सर्वांत जास्त प्रेम करणारा असण्यापेक्षा दबावाखाली आपले म्हणणे सांगू शकणारा असावा. एकाहून अधिक नावे देता येतात. प्रती त्या व्यक्तींकडे, कौटुंबिक डॉक्टरांकडे आणि महापालिका किंवा पंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्याव्यात. मत बदलले तर हा निर्देश केव्हाही लेखी रद्द करता येतो, म्हणून दर काही वर्षांनी, आणि मोठ्या आजाराचे निदान झाल्यावर नक्कीच, तो पुन्हा वाचून पाहावा.